चारशे शेहेचाळीस

"बोलू नकोस गं. मोजतेय मी."

आत्याचा आवाज. चाळीस वर्षं तरी झाली असतील, पण अजून कानात ओला आहे. एका लहानशा दवाखान्यात ती परिचारिका होती, आणि सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की माझं मनगट हे तिचं हक्काचं खेळणं. तीन बोटं नाडीवर, नजर छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळात, आणि ओठ अगदी बारीक हलत असायचे, झोपेत बाळाचे हलतात तसे. मला नेमक्या त्याच वेळी हजार गोष्टी सांगायच्या असायच्या. कुत्रीला पिल्लं झाली, मागच्या दाराची कडी निघाली, एक ना दोन. पण त्या मिनिटात बोलायची सोय नसे. मिनिट सरलं की ती आकडा सांगायची, ओंजळीत फूल ठेवावं तसा. "ब्याण्णव. पळत आलीस ना?" मी थक्क. पाय पळाले ते मनगटाला कसं कळलं? कधी लहर लागली तर स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणायची, "नाडी गं धावे धावे, जशी बुजरी हरिणी, हळू ठेव बोट बाई, भिते ती मनोमनी." आणि पेशंट कुणीही असो, रोजचा असो, कालचा आकडा कागदावर समोर दिसत असो, ती पुरतं मिनिट मोजायची. अर्धं मोजून दुप्पट का करत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "उरलेल्या अर्ध्यात काय होणार ते पहिल्या अर्ध्याला ठाऊक असतं होय?" म्हणाली, आणि परत ओठ हलायला लागले.

तो आवाज आज सकाळी साडेआठला, कचेरीतल्या करकरणाऱ्या खुर्चीत, काही कारण नसताना आला. नसताना कसं म्हणू, कारण समोरच होतं. पडद्यावर एकाखाली एक चार ओळी होत्या आणि चारही ओळींच्या शेवटी एकच आकडा. चारशे शेहेचाळीस. खाली चारशे शेहेचाळीस. त्याच्याखाली तेच, आणि त्याच्याखाली पुन्हा तेच. एकच माणूस, अकरा महिने, चार फेऱ्या. आता हृदय काही भिंतीवरचा खिळा नव्हे, ठोकला तिथेच राहायला. तीन तीन महिन्यांनी काढलेल्या ईसीजीच्या पट्ट्यांत पाच-दहाचा तरी फरक पडतोच. जेवून आला की पडतो, जिना चढून आला की पडतो, घरात भांडून आला की हमखास पडतो. चार वेळा तोच आकडा हृदय देत नाही, माणूस देतो. आणि तो कुठल्या माणसाने दिला हे मला पाहताक्षणी कळलं, म्हणून ओठापर्यंत नेलेला चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. तीन वाजता वरच्या कार्यालयातल्या तपासनीस बाई येणार होत्या. त्यांच्यासाठी सगळं नीटनेटकं करून ठेवावं म्हणून मी लवकर आले होते. नीटनेटकं तर फारच होतं.

आमच्या खात्याला सगळं हॉस्पिटल 'तालखातं' म्हणतं. कागदोपत्री नाव इतकं लांब आहे की ते पुरतं म्हणेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल. हृदयाचा ताल बिघडलेल्या माणसांना जी एक गोळी देतात तिच्यावर पहारा ठेवायचा, एवढंच आमचं काम. गोळी गुणाची आहे, पण स्वभावाने वाईट. ताल लावता लावता तीच ताल मोडू शकते, आणि मोडते तेव्हा हाक मारायलासुद्धा वेळ देत नाही. म्हणून सुरुवातीला तीन दिवस दाखल करून द्यायची, दर डोसानंतर हृदयाची पट्टी काढायची, आणि पुढे जन्मभर दर तीन महिन्यांनी पट्टी, रक्त आणि मूत्रपिंडांची तपासणी. पट्टीवर एक उभा सुळका असतो आणि त्याच्यामागे एक बसकी टेकडी. सुळक्याच्या पायथ्यापासून टेकडी उतरेपर्यंतचं अंतर मोजायचं, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. पाचशेच्या वर गेलं की गोळी बंद. अकरा वर्षं मी हे लोकांना समजावते आहे, आणि अकरा वर्षं लोक मान डोलावून विचारतात, "पण बाई, उपाशीपोटी घ्यायची की जेवून?" मी इथली औषधनिर्माती, म्हणजे फार्मासिस्ट. डॉक्टरांनी ही गोळी लिहिली तरी माझ्या सहीशिवाय ती खिडकीबाहेर जात नाही, म्हणून माझं नाव गोळीवाल्या बाई. डॉक्टरांनी हिच्याबरोबर चालत नाही असं दुसरं औषध लिहिलं की पडद्यावर लाल चौकट उघडते: 'तरीही का देत आहात? कारण लिहा.' चौकटीत काहीतरी लिहिल्याशिवाय ती मिटत नाही. मोठमोठे शिकलेले लोक तिथे काय लिहितात? टिंब. एक टिंब दिलं की चौकटीचं समाधान होतं. गेल्या महिन्यात मी टिंबं मोजली, दोनशे बारा भरली. बैठकीत सांगितलं तर एक डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, दिवसाला चाळीस चौकटी उघडतात, कुठली खरी ओरडतेय ते कसं कळायचं?" त्यांचंही खरंच होतं, त्यामुळे तर जास्त चीड येते. ज्याच्यावर चिडावं त्याचंही थोडं बरोबर निघतं. घरी नवरा म्हणतो, "तू आता घरातसुद्धा लाल चौकट झालीयेस. चहात साखर जास्त घातली तरी कारण लिहा!" मी म्हणते, टिंब दे आणि सुटका करून घे. तो हवेत बोटाने टिंब देतो.

तर पट्टीचा आकडा. त्याचीही एक चौकट आहे, पण ती टिंबाला भुलत नाही, तिला आकडाच लागतो. आकडा नसेल तर गोळ्यांची चिठ्ठी छापली जात नाही, चिठ्ठी नाही तर गोळ्या नाहीत, आणि गोळ्या दोन दिवस चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस दाखल. ही अक्कल ज्याने लढवली तो माणूस हुशार असणार, पण त्याने आमचं पट्टीचं यंत्र पाहिलेलं नव्हतं. आमच्या यंत्राचा डाव्या हाताला लावायचा चाप पकड धरत नाही. मनगटाला लावला की सुटतो, सुटला की पट्टीवर टेकड्यांच्या जागी गवत उगवतं. चाप तारेसकटच मिळतो, आणि नवीन तार मागून नऊ महिने झाले. पहिला अर्ज परत आला, कारण त्यावर यंत्राचा क्रमांक नव्हता. दुसरा परत आला, कारण क्रमांक होता पण यंत्र 'चालू स्थितीत' असल्याची नोंद होती, आणि चालू यंत्राला नवीन तार कशाला? तिसऱ्या वेळी मी लिहिलं की यंत्र बंद आहे. तेव्हा माणूस येऊन यंत्र उचलून घेऊन गेला, पाच दिवस ठेवलं, आणि 'चालू आहे' असा शेरा मारून त्याच तारेसकट परत आणून दिलं.

त्या पाच दिवसांतला एक दिवस. आठ महिने झाले त्याला. बाहेर बाकावर वीस माणसं आणि त्यांत मास्तर, पडद्यावरच्या त्या चार ओळींचे धनी. मास्तर म्हणजे शिंपी, सत्तरी ओलांडलेले, अजून मशीनवर बसणारे, बोटाला टाचण्या टोचून टोचून कातडं जाड झालेले, आणि आलेल्या प्रत्येकाच्या खांद्याकडे बघून मनातल्या मनात माप घेणारे. मला पहिल्या भेटीतच म्हणाले होते, "ताई, तुमचा उजवा खांदा पाऊण बोट खाली आहे. पिशवी त्याच खांद्याला लावता ना?" त्यांच्या गोळ्या त्या दिवशी संपल्या होत्या. यंत्र नाही, दुसऱ्या विभागाचं यंत्र मागितलं तर म्हणाले लेखी मागा, आणि लेखी मागायला सही करणारे मोठे डॉक्टर परगावी. पट्टीताई माझ्या टेबलाशी आल्या. तीस वर्षं त्या पट्ट्याच काढताहेत, म्हणून सगळे त्यांना पट्टीताई म्हणतात. "बाई, मास्तरांचं काय करू? चौकट पुढे जाऊ देत नाही." मी फोनवर होते, समोर कुणीतरी रडत होतं, कुणीतरी भांडत होतं. मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "मागच्या वेळचा घाला. पुढच्या आठवड्यात बोलावून नवीन काढू." एवढंच. चार सेकंद लागले असतील. मास्तर गोळ्या घेऊन हसत गेले. पुढचा आठवडा आला आणि गेला. मी विसरले. नाही, विसरले म्हणणं सोपं आहे. दोनदा आठवलं होतं. एकदा आंघोळीला गेले असताना आणि एकदा सिग्नलला उभी असताना, आणि दोन्ही वेळा मनाने म्हटलं, बघू.

साडेनऊला पट्टीताई आल्या, डबा कोपऱ्यात ठेवला, खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवला. त्यांना पडदा दाखवला. त्या चष्मा वर करून बघत राहिल्या. "मग? बरोबर तर आहे." "पट्टीताई, चारही एकच?" "अहो, तार सुटली की मागचा घालायचा, तुम्हीच नव्हतं का सांगितलं?" त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, तक्रारही नव्हती. स्वयंपाकघरात भांडं कुठल्या फळीवर असतं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, मी एका दिवसापुरतं सांगितलं होतं. "एका दिवसापुरतं असं कुठं म्हणालात? आणि यंत्र परत आलं तरी तार तीच. मी आपली दोनदा लावून बघते, तिसऱ्यांदा बघते, नाहीच धरलं तर मग मागचा. मनाने काही करत नाही हो मी. तीस वर्षांत केलं नाही." मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "किती जणांचं असं झालं?" त्यांनी बोटांची एक-दोन पेरं मोजली आणि सोडून दिलं. "ते कसं सांगू? मोजलं नाही." आमच्याकडे एकसष्ट माणसं ही गोळी घेतात. पूर्वी पट्ट्या फाईलला लावल्या जायच्या, बघून कळलं असतं. पण वर्षापूर्वी आमचं खातं कागदमुक्त झालं, आणि मोठे डॉक्टर फीत कापताना म्हणाले की आता फक्त आकडा ठेवायचा, चिटोरे नाहीत. म्हणजे कुठला आकडा हृदयाचा आणि कुठला आमचा, हे सांगणारा कागद जगात शिल्लक नाही. मी भराभर याद्या उलटल्या. काही ठिकाणी लागोपाठ दोन सारखे, काही ठिकाणी तीन. पण लागोपाठ दोन सारखे खरेही असू शकतात. आणि वेगळे दिसणारे? पट्टीताई शांतपणे म्हणाल्या, "कधी कधी एक-दोनने बदलते मी. तोच तोच बरा दिसत नाही." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, तोंड उघडलंही, आणि आतून दुसरंच कुणीतरी ओरडलं, कुणाला ओरडतेस गं?

आधी मास्तर. फोन सुनेने उचलला. मागे शिवणयंत्राची घरघर. "आहेत की, मशीनवर बसलेत. पण त्यांची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना?" मी म्हटलं, आज यायचंय, आत्ता. आणि नवीन औषध काही चालू आहे का? "नवीन असं काही नाही... खोकला होता तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात. आजचा तिसरा दिवस." तिने पाकिटावरचं नाव अडखळत वाचलं. नेमकी तीच. या गोळीबरोबर न चालणाऱ्या औषधांच्या आमच्या यादीत लाल अक्षरांत, पहिल्या पानावर, वरून दुसरी. "त्यांना पिवळं कार्ड दाखवलं नाहीत? कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी कार्ड दाखवायचं, सांगितलं होतं ना!" मग सून हळूच म्हणाली, "कार्ड बाबांनी कापलंय." "कापलंय म्हणजे?" "कॉलरचा साचा केलाय त्याचा. प्लास्टिकचं होतं ना, चांगलं ताठ. म्हणतात, इतका सुरेख साचा बाजारात मिळत नाही." अकरा वर्षांपूर्वी ते कार्ड प्लास्टिकचं व्हावं म्हणून मी सहा बैठका भांडले होते. फाटू नये, भिजू नये, टिकावं. टिकलं बाई, चांगलं टिकलं. तेवढ्यात मास्तरांनी फोन घेतला. "ताई, आज काही जमायचं नाही. एकाचा कोट उद्या द्यायचाय, एक बाही लागायचीय." मी विचारलं, चक्कर येते का? "चक्कर नाही हो. सकाळी दोरा ओवताना दोन सुया दिसल्या. वयाने दिसतात." "मास्तर, पुढची गोळी घ्यायची नाही. खोकल्याचीही नाही. गाडी करायची, सुनेला बरोबर घ्यायचं आणि निघायचं." "एवढं काय? हा असा धावत येतो." "धावत तर मुळीच येऊ नका!" मी इतकी ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

ते येईपर्यंतचा पाऊण तास मी काय केलं ते धड आठवत नाही. आत्या आठवली. तिच्या शेवटच्या वर्षांत तिचाही ताल बिघडला होता, आणि कुणीतरी तिला हीच, नाहीतर हिच्याच गोत्रातली गोळी लिहून दिली होती. तेव्हा ना खातं होतं ना चौकट. तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलेलं. एका सकाळी ती न्हाणीघरात पडलेली सापडली. हातात तांब्या, अंगावर पाणी वाळलेलं. वय झालं होतं, सगळे म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या पुरतं मिनिट मोजणारी बाई, तिची कुणी मोजलीच नाही. तिच्या दिवसकार्यालाच मी ठरवलं होतं वगैरे म्हणायला छान वाटेल, पण तसं काही झालं नव्हतं. मी फक्त चिडले होते. त्या चिडीवर अकरा वर्षं हे खातं चाललंय. आणि त्याच खात्यात, माझ्याच टेबलावरून, हे.

मास्तर आले ते एका हाताने भिंत धरत, पण चेहरा हसरा, कानामागे खडू तसाच. पट्टीताईंनी चाप लावला, सुटला. पुन्हा लावला, सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी चाप मास्तरांच्या मनगटावर दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता हलायचं नाही हं, नाहीतर मी टाका घालीन." मास्तर म्हणाले, "दुहेरी घाला, एकेरी उसवतो." यंत्रातून पट्टी सरकत बाहेर आली. टेकड्या. लांबलेल्या, कंटाळल्यासारख्या, उतरायचं नाव न घेणाऱ्या टेकड्या. यंत्राने छापलं पाचशे अठ्ठावीस. माझा यंत्रावर विश्वास नव्हता. मी खणातलं कर्कटक काढून, शाळेत भूमितीला वापरतात ते, स्वतः मोजलं, तीनदा. कमी येत नव्हतं. चाप दाबून दाबून पट्टीताईंच्या नखांखाली पांढरं पडलं होतं आणि माझ्या मनात एकच गोष्ट थेंब थेंब गळत होती. दाबून धरला असता तर पट्टी निघत होती. तेव्हाही निघाली असती. वीस माणसं बाहेर असतानाही.

मास्तरांना वर हृदयविभागात नेलं, तारा जोडल्या, शिरेतून क्षाराचं पाणी सुरू केलं. मी पलंगाच्या पायाशी उभी होते. सव्वाबाराच्या सुमारास पडद्यावरच्या टेकड्या एकदम मोडल्या, पिळवटल्या, रेघ स्वतःभोवती गिरक्या घेत वर-खाली झाली, आणि मास्तरांची नजर वाक्याच्या अर्ध्यावर विझली. चार सेकंद. परिचारिका धावल्या, कुणीतरी गाडा ओढला. आणि रेघ परत आपली आपण जागेवर आली. मास्तरांनी डोळे उघडले. "काय झालं? सगळ्या का धावल्या?" मग माझ्याकडे बघून, "ताई, तुम्ही रडताय काय? बाही राहिलीय ती सून लावेल, तिला येतं." मी म्हटलं, रडत नाहीये, डोळ्यात काहीतरी गेलंय. "दोन्ही डोळ्यांत?" म्हणाले. दोन वाजेपर्यंत टेकड्या बऱ्याच उतरल्या. वरच्या डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला म्हणायला हरकत नाही, अजून दीड-दोन तास उशीर झाला असता आणि घरी असते, तर टळला नसता.

जिना उतरताना मी मनाशी एक बेत केला. चांगला बेत होता. कुणाला काही सांगायचं नाही. उरलेल्या साठ जणांना एकेक करून बोलवायचं, जादा तपासणी म्हणून. दिवसाला दोन, तीन. चाप हाताने दाबून पट्टी काढायची, खरे आकडे गुपचूप भरायचे. पट्टीताई चार महिन्यांनी निवृत्त होतात, त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं. कुणाचं काही बिघडत नाही. तिसऱ्या पायरीवर हिशोब चुकला. दिवसाला दोन-तीन म्हणजे पाच आठवडे. पाच आठवडे कोपऱ्याकोपऱ्यावरचे डॉक्टर खोकल्याच्या गोळ्या देत राहणार. त्या साठांतलं कोण आज सकाळी दोन सुया बघत बसलंय, कुणाला माहीत? दोन दिवसांत सगळे तपासायचे तर बाकी विभागांची यंत्रं लागतील, माणसं लागतील, मोठ्या डॉक्टरांचा हुकूम लागेल. आणि हुकूम द्यायचा तर ते विचारतील, का? लाल चौकट. कारण लिहा. तिथे मला टिंब देता येणार नव्हतं. तरी बैठकीच्या दारापर्यंत मी टिंबच शोधत होते.

तीन वाजता तपासनीस बाई टेबलाच्या टोकाला, नाकावर चष्मा, समोर छापील तक्ता. मोठे डॉक्टर त्यांच्या शेजारी, आणि मी. पट्टीताई दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर हात, शाळेत बाईंनी बोलावलेल्या आईसारख्या. मोठे डॉक्टर खुशीत होते. "आजचंच उदाहरण देतो. एका पेशंटला बाहेरच्या डॉक्टरने न चालणारं औषध दिलं. आमच्या गोळीवाल्या बाईंना शंका आली, त्यांनी घरून बोलावून घेतलं, चार तासांत धोका टाळला. खातं चालतं म्हणजे असं चालतं." तपासनीस बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "शंका कशी आली हो तुम्हाला?" सरळ प्रश्न होता, साधा. मी पाण्याचा घोट घेतला. मोठे डॉक्टरच माझ्या वतीने म्हणाले, "अनुभव! अकरा वर्षं झाली त्यांना." सगळे हसले. बाईंनी तक्त्यावर बोट फिरवलं. "आकडे तर शंभर टक्के भरलेले आहेत. एकही चौकट रिकामी नाही. इतर ठिकाणी मी सत्तरच्या वर पाहिलेलं नाही." त्या लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या, लोक वाचतात तसं, अर्धं पुटपुटत. "दोष... बाहेरील डॉक्टरांचा... खात्याची नोंद... समाधानकारक..." पेनाचा आवाज ऐकू येत होता. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पट्टीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, मान हलवली. नको म्हणून. माझ्यासाठी नको म्हणत होत्या की स्वतःसाठी, ते कळलं नाही, आणि एकदम मला त्यांची, माझी, त्या न धरणाऱ्या चापाची, शंभर टक्क्यांची, सगळ्याची इतकी चीड आली की शब्द आपणच बाहेर पडले.

"ते लिहू नका," मी म्हटलं.

तपासनीस बाईंचं पेन थांबलं. "काय लिहू नका?"

"समाधानकारक. मला शंका अनुभवाने आली नाही. चार वेळा एकच आकडा होता म्हणून आली. त्यांतला पहिला खरा आहे. दुसऱ्याच्या वेळी पट्टी काढलेलीच नाही."

मोठे डॉक्टर पुढे वाकले. "बाई, हे आपण नंतर बोलू."

"नंतर नाही, डॉक्टर. साठ माणसं ही गोळी घरी घेताहेत, आज रात्रीची घेतील. सगळ्या विभागांची यंत्रं मला उद्या सकाळपासून हवीत."

"पण हे केलं कुणी?" त्यांची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे गेली. पट्टीताई उठून उभ्या राहिल्या होत्या, चूक कबूल करायला उठतात तशा.

"बसा तुम्ही, पट्टीताई," मी म्हटलं. "यांनी नाही. मागच्या वेळचा घाला, असं मी सांगितलं. मी फोनवर होते, घाईत होते, आणि नंतर दोनदा आठवलं तरी गप्प बसले. यांनी तेवढंच पुढे चालवलं. किती जणांच्या बाबतीत, ते आम्हा दोघींपैकी कुणालाच माहीत नाही."